ओळीतली जागा

१

आमच्या घरात सकाळचा पहिला मान पाखरांचा. मागच्या अंगणातली मातीची भांडी घासून, ताज्या पाण्याने भरून झाल्याशिवाय माझी लेक कादंबरी चहाला बसायची नाही आणि ती बसल्याशिवाय मी चहा गाळायची नाही. त्यामुळे माझ्या नवऱ्याचाही चहा लांबायचा. गुरुदत्त टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. "जन्मभर नोकरी केली आणि आता घरात माझा नंबर साळुंकीच्या मागे," असं रोज कुरकुरायचे आणि रोज स्वतःच्याच ताटातली पोळी कुस्करून मागच्या दारी नेऊन टाकायचे.

नवीन पनवेलमधलं आमचं घर बैठं आहे. स्वयंपाकघराच्या मागे अंगण, त्यात पेरू, शेवगा, कढीपत्ता आणि शेवटी छातीएवढी भिंत. भिंतीपलीकडे नाला, नाल्याकाठी करंजाची झाडं. ओट्याशी उभी राहिले की खिडकीतून सगळा दरबार दिसतो. बुलबुल येतात. दयाळ शेपटी वर करून गाऊन जातो. भारद्वाज चालत येतो, कारण उडायचा त्याला कंटाळा. खार खिडकीच्या जाळीवर चढून शेंगदाणे मागते, मागते म्हणजे ओरडतेच. पण माझे लाडके म्हणजे सातभाई. मातकट रंग, रागावलेले डोळे आणि अखंड भांडण. भांडून झालं की मात्र भिंतीवर एकमेकांना चिकटून बसायचे, मधे पोस्टकार्डही जाणार नाही इतके.

कादंबरीचं लग्न ठरत होतं तेव्हा तिने मुलाला, अपूर्वला, पहिला प्रश्न विचारला होता, "तुमच्याकडे पक्षी येतात का?" तो बिचारा खरं बोलला. त्याचा पुण्यातला फ्लॅट इतक्या उंचावर आहे की तिथे कबुतरंसुद्धा दमून परत जातात. तरी तिने होकार दिला. मुलगा मलाही आवडला, हसरा आहे. पण त्याचे आईवडील कोल्हापूरला, तो सकाळी निघणार आणि रात्री उगवणार, आणि हिचं काम घरून. एवढ्या उंचावर दिवसभर माझी पोर एकटी. लग्नाच्या सगळ्या आनंदात ही एकच गोष्ट मला आतून खात होती.

२

पत्रिका छापून आल्या आणि मी अक्षता करायला बसले. निवडलेले तांदूळ, हळदकुंकू, तुपाचं बोट. उत्साहात तांदूळ जरा जास्तच घेतले, त्यात ओला हात घातला आणि एका डब्यातल्या तांदळाचा चिकट गोळा झाला. असल्या अक्षता पत्रिकेबरोबर कोणाला देणार?

"टाकू नकोस," गुरुदत्त म्हणाले. "तुझ्या मागच्या दारच्या नातेवाइकांना घाल."

मला ते फारच पटलं. डबा घेऊन मागे गेले, गोळे मोडून भिंतीच्या काठावर अक्षता पसरल्या आणि दोन्ही हात जोडून मोठ्याने म्हणाले, "कादंबरीच्या लग्नाला यायचं बरं का! सहकुटुंब, सहपरिवार. कोणी घरी राहायचं नाही." कादंबरी खिडकीत उभी राहून पोट धरून हसत होती. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

संध्याकाळी आठवलं, की देवापुढे अक्षता ठेवायच्याच राहिल्या. लग्नाचं पहिलं आमंत्रण देवाला द्यायचं असतं. मी जीभ चावली, लगेच देव्हाऱ्यापुढे अक्षता ठेवल्या आणि नमस्कार केला. आमचा देव काही एवढ्यातेवढ्यावरून रागावणारा नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सातभाई आले. भांडले. भिंतीवर बसले. मी पोळ्या लाटत होते, आणि माझा हात थांबला, कारण आवाज थांबला होता. सातभाई आणि गप्प! मोठं माणूस घरात आलं की पोरं आवाज खाली आणतात, तसे ते आपसांत हळू पुटपुटत होते. ओळीच्या मधोमध त्यांनी जागा सोडली होती. एक माणूस बसेल एवढी.

त्यांच्या पलीकडे साळुंक्या येऊन बसल्या, मग चिमण्या. भिंत भरली. ती जागा तशीच राहिली.

"मुंग्या असतील," गुरुदत्त म्हणाले. मुंग्या नव्हत्या. "मग भिंत तापत असेल." त्यांनी हात ठेवून पाहिला, भिंत गार होती. मग साबणाच्या पाण्याने तेवढा भाग घासून काढला. मग तिथे बाजरी पसरली. पाखरांनी अलीकडची बाजरी खाल्ली, पलीकडची खाल्ली आणि मधली जशीच्या तशी ठेवली. कडा तर अशा सरळ की पट्टीने आखल्यासारख्या.

माझ्या नवऱ्याला असलं काही मिळालं की उत्साह चढतो. रोज नवं कारण. ससाणा कधीतरी तिथे बसला असेल, त्याचा वास. सिमेंटमध्ये काहीतरी असेल. मला मजा वाटत होती आणि कादंबरीला तर फारच.

"आई, त्यांनी कोणासाठी तरी जागा धरलीय," ती म्हणाली. "एसटीत रुमाल टाकतात तशी."

४

हौसा आमची मासेवाली. मोऱ्याच्या बंदरावरून पाटी घेऊन येते आणि मागच्या नळाशी बसून मासे साफ करून देते. ती बसली की तिच्याभोवती जत्रा भरते. कावळे, नाल्यातला बगळा, वर फिरणारी घार आणि गल्लीतला पिवळा बोका. सगळ्यांना ती शिव्या देते आणि सगळ्यांना खायला घालते.

त्या दिवशी तिनेच विचारलं, "काय गो ताय, ही पाखरा आज गप गप कशी बसल्यात?"

"जागा सोडून बसतात बघ. कोण येणार आहे कोण जाणे."

"कोन येनार? मीच जाऊन बसते," म्हणून ती खळखळून हसली, आणि तिने बांगड्याचं एक मुंडकं नेम धरून त्या रिकाम्या जागेवर फेकलं. "घे रे बाबा, खा."

एकही कावळा हलला नाही. घार खाली आली, भिंतीजवळ आली आणि वळून वर गेली. बोका तर भिंतीकडे पाठ करून बसला होता, हौसाच्या पायांमधे, शेपटी अंगाभोवती घट्ट गुंडाळून. तेवढ्यात नव्या विमानतळाकडे जाणारं विमान डोक्यावरून गेलं. आम्ही दोघींनी वर पाहिलं. खाली पाहिलं तर मुंडकं नव्हतं. पाखरं जागच्या जागी, चोची रिकाम्या.

"बोक्यानं नेला," हौसा म्हणाली.

बोका तिच्या पायांतच होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. मग तिने विळी धुतली, पाटी उचलली. "ऱ्हायलेला तुमीच साफ करा ताय. मना बस गाठायची हाय."

तेव्हापासून हौसा पुढच्या दारी बसते. मागे ऊन लागतं म्हणते. मागच्या अंगणात दुपार झाल्याशिवाय उन्हाची तिरीपही येत नाही, हे तिला आणि मला दोघींनाही ठाऊक आहे.

५

खरं सांगायचं तर ते दिवस फार सुखाचे होते. अंगण इतकं कधीच भरलं नव्हतं. कधी न दिसलेला हळद्या शेवग्यावर येऊन बसला. नाचण पंखा पसरून नाचून गेला. मुंगसाची मादी चक्क पिल्लं घेऊन नळाशी पाणी प्यायली. घरात पापड, रुखवत, साड्या, फोन आणि बाहेर हा मेळा. कादंबरी कामाला बसायच्या आधी आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या पायरीवर बसून राहायची. "माझ्या लग्नाला आलेत गं सगळे," म्हणायची आणि तिचे डोळे भरून यायचे. तिला इतकी खूष पाहून माझंही मन भरायचं.

फक्त ती जागा भिंतीवर राहिली नाही.

आधी ती खाली उतरली. चिमण्या अंगणात दाणे टिपायच्या, पण एका गोल तुकड्याभोवती, आत पाय न टाकता. मग तो तुकडा पेरूखाली आला. मग नळाशी. रोज थोडा घराच्या बाजूला. एका सकाळी मी खिडकीतून पाहत होते. पायरीजवळच्या भांड्याच्या कडेला एकही पाखरू नव्हतं, तरी आतलं पाणी हलत होतं. हलत हलत खाली जात होतं, हळूहळू, तहान लागलेलं कोणी शांतपणे प्यावं तसं.

वारा असेल, मी म्हटलं. वाऱ्याने पाणी कमी होत नाही, हेही मीच म्हटलं. वळून पाहिलं तर मागे गुरुदत्त उभे होते. त्यांनीही पाहिलं होतं. मी कारणाची वाट पाहिली. ते आत गेले आणि उलटा पेपर हातात धरून बसले. त्यांची कारणं संपली, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्याच क्षणी मला तो अक्षतांचा डबा आठवला. हात जोडून, मोठ्याने, देवाच्याही आधी मी बोलावणं केलं होतं. भिंतीकडे तोंड करून. भिंतीपलीकडे कोण ऐकत होतं, ते मी पाहिलं होतं का?

पण बोलावलेल्या पाहुण्याला लग्नाआधी घालवायचं कसं? मी स्वतःची समजूत घातली. लग्न होईल, पाहुणे आपापल्या घरी जातील, हाही जाईल. माझ्या पोरीचं सगळं नीट पार पडलं की झालं. तिला मी यातलं अक्षर बोलले नाही.

६

हळद आम्ही मागच्या अंगणातच केली. मांडव, झेंडूच्या माळा, प्लास्टिकच्या खुर्च्यांची ओळ. माझी धाकटी बहीण मनिषा ठाण्याहून आली होती. ती पाठराखीण म्हणून जाणार होती. नवरीबरोबर माहेरची एक बाई चार दिवस सोबतीला जाते ना, ती. गुरुदत्त म्हणाले होते, पळस्पे ओलांडलं की पुणं आलंच, पाठराखीण कसली पाठवता? पण मी हट्ट धरला होता. चार दिवस तरी पोरीजवळ आपलं माणूस असेल. मनिषाने त्यासाठी साडीसुद्धा घेतली होती.

बायका बसल्या. गप्पा, हशा, कोणीतरी गाणं म्हणत होतं. मी सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि दारातच थांबले. ओळीच्या मधोमध एक खुर्ची रिकामी होती. दोन्ही बाजूंच्या बायका दाटीवाटीने, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. दोघीतिघी तर उभ्याच होत्या. आणि त्या खुर्चीकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

"अगं, ही काय जागा आहे!" म्हणत मनिषा त्या खुर्चीवर बसली.

आणि लगेच उठली. "ओली आहे वाटतं," ती म्हणाली. तिने साडी चाचपली. साडी कोरडी होती. खुर्चीही कोरडी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग उगाच हसली.

त्यानंतर नाच झाला. मनिषा सगळ्यात पुढे, तिला कोण अडवणार! सपाट फरशीवर, काही कारण नसताना तिचा पाय मुरगळला. संध्याकाळपर्यंत घोटा टम्म सुजला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि हलायचं नाही म्हणून बजावलं.

"आता कादंबरीबरोबर कोण जाणार?" मनिषा रडायला लागली. मी तिला गप्प केलं. मला स्वतःला गप्प करता येत नव्हतं.

७

लग्न दृष्ट लागेल असं झालं. हॉल गल्लीच्या टोकालाच होता, म्हणून पाठवणी घरातूनच करायची ठरली. जेवणं झाली, नवरानवरी देवाच्या पाया पडायला घरी आले. पुढच्या दारी फुलांनी सजवलेली गाडी, बँडवाले, शेजारपाजार, सगळी गर्दी. कादंबरीने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "आई, पाण्याचं एक भांडं देशील? एखादं चुकून आलं तर..."

मी भांडं आणायला मागे गेले. घर ओलांडताना बँडचा आवाज बारीक होत गेला. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मी मागचं दार उघडलं.

अंगणभर पाखरं बसली होती. भिंतीवर, मांडवाच्या बांबूंवर, खुर्च्यांच्या पाठींवर, नळावर. एकही बोलत नव्हतं. आणि पायरीवर, उंबऱ्याला लागून, त्यांनी जागा सोडली होती. माझ्यापासून हातभर अंतरावर.

मला घाबरायला हवं होतं. पण माझी लेक निघाली होती, आणि मला दुसरं काही सुचतच नव्हतं. भांडं उचललं आणि माझा बांध फुटला. त्या रिकाम्या जागेकडे पाहून मी म्हणाले, "तुम्ही आलात, बरं वाटलं. आता एवढं एक करा. मनिषाचा पाय दुखावलाय. माझ्या पोरीबरोबर कोणी नाही हो. तुम्ही तरी सोबत करा तिची."

माझ्या शेजारचा दाराचा पडदा आतल्या बाजूला गेला आणि परत जागेवर आला. वारा नव्हता.

आणि पायरीवरचे सातभाई सरकले. एकेक करून, चिकटून, ती जागा त्यांनी भरून टाकली. मग एकदम सगळं अंगण ओरडायला लागलं. भांडणं, शिट्ट्या, किलबिल, नुसता गोंधळ! इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मला रडता रडता हसू आलं. गेलं, मी म्हटलं. सुटलो. मी भांडं घेऊन पुढे धावले.

गाडी सुरू झाली होती. पुढे अपूर्वचे वडील आणि ड्रायव्हर. मागे कादंबरी या खिडकीशी आणि अपूर्व त्या खिडकीशी, दोघंही दाराला टेकून. मधे मोकळी सीट.

"अरे अपूर्व, आता तरी जवळ सरक!" त्याच्या मित्रांनी गलका केला. सगळे हसले. अपूर्वही लाजून हसला, "हो, हो," म्हणाला आणि होता तिथेच राहिला.

मी खिडकीतून भांडं आत दिलं. मधल्या सीटवर झेंडूची फुलं पडली होती. ती चपटी झाली होती, पार दबून गेलेली. गाडी हलली, कादंबरीने हात हलवला, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेपर्यंत गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

८

काल तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"आई, काय झालं सांग! चिमण्या आल्या! एवढ्या वर, बाल्कनीच्या ग्रिलवर. आधी दोन, आता ही रांग! अपूर्वला तर खरंच वाटेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, इथे कधी चिमणी पाहिली नव्हती. तू दिलेल्या भांड्यात रोज पाणी ठेवते, तेही दुपारपर्यंत संपतं."

"कशा बसतात गं?" मी विचारलं.

"अगदी आपल्याकडे बसायच्या तशाच. मधे थोडी जागा सोडून." ती हसली. "आम्हालाही तीच सवय लागलीय. सोफ्यावर बसलो की मधली जागा मोकळी. अपूर्व म्हणतो, पाखरांची संगत."

मला बोलायचं होतं. परत ये म्हणायचं होतं. पण ती इतकी आनंदात होती.

"आणि तू उगाच काळजी करत होतीस," ती म्हणाली. "दिवसभर घरात कोणी नसतं, पण आई, शप्पथ सांगते, एकटं असं अजिबात वाटत नाही."

पाठराखीण चार दिवसांनी माहेरी परत येते, अशी रीत आहे. लग्नाला आता महिना होत आला. फोन ठेवल्यावर मी मूठभर तांदूळ घेतले, हळदकुंकू लावलं, तुपाचं बोट फिरवलं. गुरुदत्त दारात उभे राहून पाहत होते. त्यांनी डबा धरायला तेवढा हात पुढे केला.

आज सकाळी आम्ही दोघांनी भिंतीवर अक्षता पसरल्या आणि हात जोडून, मोठ्याने म्हणालो, "या. परत या. तुमची जागा आहे इथे."

सातभाई आले. मनसोक्त भांडले, अक्षतांचा दाणा न् दाणा टिपला आणि भिंतीवर ओळीने बसले. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मधे पोस्टकार्डही गेलं नसतं.